विठ्ठलवाडीच्या काकांची टू-स्ट्रोक

मी फिजिओथेरपिस्ट आहे. डोंबिवलीत राहते आणि सकाळी कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर असं फिरून पेशंटच्या घरी व्यायाम करून घेते. बहुतेक पेशंट गुडघ्याचे. चार वर्षांपूर्वी विठ्ठलवाडीच्या एका काकांकडे मी जायला लागले, तेव्हा त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झालेले. काका कोलशेतच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. घरी ते आणि काकू, दोघंच.

काका व्यायामाला अजिबात तयार नव्हते. गुडघा जेमतेम साठ अंश वाकायचा, की पुढे हात धरून मला थांबवायचे. काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अहो, त्या एवढ्या लांबून येतात." काका भिंतीकडे बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, बरं वाटल्यावर सगळ्यात आधी काय करायचं मनात आहे? हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. कुणाला जिना चढायचा असतो, कुणाला गावच्या देवळात जायचं असतं, एका आजींना फक्त जमिनीवर बसून भाजी निवडायची होती.

काकांनी काकूंना ओटीवरची ताडपत्री काढायला सांगितली. खाली मोटारसायकल होती. साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची, जुनी जपानी टू-स्ट्रोक. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, तरी ही गाडी कंपनीतून अशी निघाली नसणार एवढं समजलं. हँडलच्या जागी खाली वाकलेल्या दोन दांड्या, पाय ठेवायची जागा पार मागे, सीट एकट्यापुरती. दोन्ही बाजूंना मधेच पोट फुगलेले सायलेन्सर. ते काकांनी स्वतः केलेले. जेवणाच्या सुट्टीत पत्रा कापून, वळवून, तुकड्याला तुकडा वेल्ड करून, सहा महिने. त्यावरचे जोड त्यांनी मला बोटाने दाखवले.

"किक मारायचीय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मग गुडघा शंभराच्या पुढे वाकायला हवा. मारू किक."

हे म्हणतानाच मला ठाऊक होतं की डॉक्टर परवानगी देणार नाहीत. एवढ्या मोठ्या इंजिनची किक कधी उलटी बसते आणि सगळा दणका गुडघ्यात येतो. बदललेल्या सांध्याला तो सोसत नाही. पण त्या दिवशी काकांनी गुडघा सत्तरपर्यंत नेला. मग मी रोजच तो विषय काढायला लागले. पंच्याऐंशी झाले, काका, अर्धी किक झाली. नव्वद झाले. ते दात-ओठ खाऊन वाकवायचे, आणि मी मोजायचे. घरी जाताना मात्र स्वतःचाच थोडा राग यायचा.

चौथ्या महिन्यात तपासणीला गेल्यावर त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर काका ओटीवर बसलेले.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना, मॅडम?"

"हो."

त्यांनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "बरं केलंत. नाहीतर मी वाकवलाच नसता." आणि उठून आत व्यायामाला गेले. मला त्यांनी रागावलेलं चाललं असतं. हे ऐकून त्या दिवशी माझंच मोजणं दोनदा चुकलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी गाडी विकायचं ठरवलं. उभी राहून गंजेल, त्यापेक्षा चालवणाऱ्याकडे जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकं येऊ लागली. आता गिऱ्हाइकाला इंजिनचा आवाज ऐकायचा असतो, आणि किक मारायला घरात कुणी नाही. एकाने मारून बघितली आणि पोटरी चोळत बसला. तेव्हा मी व्यायाम संपवून निघतच होते. काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही बघता का जरा? पायातल्या ताकदीचं तुम्हाला कळतं."

मी कॉलेजात गिअरची स्कूटर चालवलेली, तेवढाच माझा अनुभव. काका शेजारी स्टूलवर बसले आणि सांगत गेले. आधी हलक्या पायाने दाबा, अडेल तिथे थांबा. आता अंग उचला, पूर्ण वजनाने खाली या, पाय मधे सोडू नका. "अजून एक," म्हणायचे, "दम धरा, अजून एक." सहाव्या किकला गाडी सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसा आवाज, निळा धूर, आणि ऑइलचा जरासा गोड वास. काकूंनी आतून खिडकी लावून घेतल्याचं ऐकू आलं. काका स्टूलवर ताठ बसलेले. डोळे मिटून ते दोन सिलिंडरचे आवाज वेगवेगळे ऐकत होते.

त्यानंतर महिनाभर गिऱ्हाईक यायचं असलं की ते माझ्याच वेळेला बोलवायचे. मी किक मारायचे आणि ते नकार द्यायचे. एकाला फक्त इंजिन हवं होतं. एकाला रंग बदलून व्हिडिओ करायचे होते. एक चांगला वाटला, पण त्याने सायलेन्सरवर बोटाने टिचकी मारून हे कुठल्या भंगारातलं म्हणून विचारलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, मी घेते."

मी का घेतली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. महिनाभर मीच ती सुरू करत होते, आणि दुसरं कुणी करेल हे मनाला पटेना, एवढंच. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ते म्हणाले, "चालवायला शिकणार असाल तर." किमतीवर आमची फार बोलणी झाली नाहीत. उलट त्यांनीच ती कमी केली, आणि काकूंनी त्यांना डोळ्यांनी दटावलेलं मी बघितलं. माझ्या नवऱ्याला कागदपत्रं हातात घेईपर्यंत ही थट्टा वाटत होती.

शिकवणी रविवारी सकाळी, डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कंपन्या बंद असताना. काका रिक्षाने यायचे आणि फूटपाथवर उभे राहून हातवारे करायचे. या गाडीचा एक स्वभाव आहे. सुरुवातीला ती मरगळल्यासारखी चालते, आणि वेग वाढत गेला की एका ठिकाणी अचानक कुणीतरी मागून ढकलावं तशी सुटते. पहिल्यांदा सुटली तेव्हा मी घाबरून ब्रेक दाबला आणि बंद पडलेल्या गाडीवर हसत बसले. पेट्रोलमध्ये ऑइल मापून घालायचं, हलवायचं, मग टाकीत ओतायचं, हेही त्यांनीच शिकवलं. ऑइलचा पंप त्यांनी केव्हाच काढून टाकलेला.

पण दोन महिन्यांत माझी करंगळी बधिर व्हायला लागली. खाली वाकून मनगटावर भार दिला की असंच होणार. पेशंटना मी दिवसभर जे सांगते तेच माझं झालेलं. मी काकांना म्हटलं, हँडल मूळचं बसवू या का? आणि आवाज थोडा कमी करता येईल का, सोसायटीत तक्रार झालीय.

काकांनी जाणाऱ्या रिक्षाला हात केला. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. काकूंचा फोन आला की ते ठीक आहेत, फुरंगटलेत. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. इतक्या वर्षांचं त्यांचं काम मी दोन महिन्यांत बदलायला निघालेले.

तिसऱ्या रविवारी दोघंही आमच्या दारात रिक्षातून उतरले. रिक्षात जुन्या साडीत बांधलेलं लांबलचक गाठोडं. मूळचं हँडल, मूळचे फूटरेस्ट, दोघांची लांब सीट. काढलेली एकेक वस्तू काकांनी ग्रीस लावून माळ्यावर ठेवलेली. काकू म्हणाल्या, "ती सीट काढली तेव्हापासून मला कधी मागे बसवलं नाही यांनी." काका दुसरीकडे बघत म्हणाले, "सायलेन्सर नाही बदलणार. आत काचेची लोकर, ग्लासवूल भरतो, आवाज बसेल." दिवसभर आम्ही पार्किंगमध्ये बसून ते काम केलं. बोल्ट मी आवळले. काका स्टूलवरून सांगत होते आणि काकू वरून आमच्या स्वयंपाकघरातून पोहे पाठवत होत्या. आवाज बसला, अगदी गप्प नाही झाला, पण सोसायटीने नंतर काही म्हटलं नाही.

लांब सीट आल्यामुळे आता मागे माणूस बसू शकत होतं. गेल्या हिवाळ्यात काकांनी आपण होऊन म्हटलं, कोलशेतला जाऊन येऊ. दुर्गाडी, कोन, भिवंडीचा बायपास, कशेळीचा पूल, बाळकुम. कामावर जायचा त्यांचा हाच रस्ता होता. मागे बसल्यावर त्यांचा गुडघा किती वाकतोय हे मी आधी तपासून घेतलं. ते पाठीमागे शांत बसलेले, फक्त खड्डा आला की माझ्या खांद्यावर हात पडायचा. कारखान्याच्या जागी तीन उंच इमारती आणि काचेचं गेट उभं होतं. मी गाडी हळू केली. त्यांना वाईट वाटेल, बोलावंसं वाटेल, म्हणून थांबावं का ते मला ठरवता येईना.

काकांनी इमारतींकडे एकदा बघितलं. "पुढे रस्ता मोकळा आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले, "तिसऱ्यात टाका."

मी गिअर टाकला. गाडी जराशी मरगळली आणि मग सुटली.