सांबाराची पाटी

आता हसायचं ते शेवटी हसा, पण आमच्या कमळीच्या लग्नातली माझी फजिती ऐकाच! फजिती खरी, तरी सांगतो मात्र छाती फुगवून.

मी तेव्हा तंजावूरच्या वीज सबस्टेशनात नवा ऑपरेटर. तिथला नियम कडक. खटका वर केला, खाली केला, की लॉगबुकात लिहायचं आणि सही ठोकायची. आमच्या गल्लीत निम्म्या घरी अजून कंदील, आणि मी खटके ओढणारा! मान इतकी ताठ की न्हावीसुद्धा वैतागायचा.

धाकट्या बहिणीच्या, कमळीच्या लग्नात अप्पांनी पहिल्यांदाच मुदपाकखाना माझ्या हाती दिला. म्हणाले, "नवरदेवाकडचे कुंभकोणमचे आहेत. सांबार बिघडलं तर राजवाड्याच्या गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही!"

आमचा लग्नाचा स्वयंपाक सोवळ्यातला. नैवेद्याआधी चव बघायची नाही. म्हणून मीठ पडलं की आचारी खच्चून ओरडणार, "उप्पु पडलं रे!" उप्पु म्हणजे आमचं मीठ. सगळ्यांना कळलं, संपलं.

मी म्हटलं, छे! हा काय बाजार आहे? चुलीचुलीला पाटी टांगली. भाताची वेगळी, सांबाराची वेगळी, पायसाची वेगळी. जे घालाल ते आपापल्या पाटीवर लिहा, सही करा. ओरडणं बंद!

वेंकोबा आचारी कावला. "अय्यो! मी ढवळू का लिहू?"

"दोन्ही! थांबा, मीच दाखवतो."

खडू घेतला आणि सांबाराच्या पाटीवर झोकात तमिळमध्ये लिहिलं, 'उप्पु घातलं.' खाली इंग्रजीत सही, शेपटीसकट! मिठाचं भांडं उचलणार, तोच मागून आवाज आला, "हे काय नवीन?"

नवरदेवाचे मामा!

झालं! विचारणारा भेटल्यावर मी कसला आवरतोय? भांडं ठेवलं खाली. मामांना चुली दाखवल्या, पाट्या दाखवल्या, सबस्टेशन समजावलं, व्होल्टेजसुद्धा सोडलं नाही. मामा खूश, मी त्याहून खूश.

पंगत बसली. सांबार वाढलं. पहिला घास गेला, आणि अख्ख्या पंगतीचे हात एकदम पानाच्या कोपऱ्यातल्या मिठाकडे वळले!

अप्पा लालबुंद. "वेंकोबा! उप्पु कुठाय?"

"पाटीवर आहे! घातलं असं लिहिलंय, म्हणून मी घातलं नाही."

"थांबा अप्पा!" मी गरजलो. "आपल्या पद्धतीत कुणाला लपता येत नाही!" धावत जाऊन पाटी आणली आणि पंगतीसमोर उंच धरली. "वाचा! सही कुणाची आहे?"

अप्पांनी वाचली. मामांनी वाचली. मग पाटी उलटी करून मीही वाचली.

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. वेंकोबानं मीठ कालवलं, सांबार पुन्हा फिरलं, कमळीचं लग्न निभावलं. पण पद्धत चोख होती की नाही, सांगा बरं! गुन्हेगार उभ्या उभ्या सापडला!

अप्पांनाही ते पटलं. पुढच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी स्वतः चुलीचुलीला पाटी टांगली. शिवाय मुदपाकखान्याच्या दारावर एक जास्तीची, अप्पांच्या सहीनिशी: 'माझ्या मुलाला आत सोडू नये.'