खोटा माणूस

सिंदेवाहीच्या तहसीलसमोर बसणारा एक टायपिस्ट दहा वर्षं माझ्या कथा टाइप करतोय. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून प्रत्येक वाक्य पुटपुटायचं, मत मात्र द्यायचं नाही, ही त्याची रीत. परवा नव्या कथेत वाघानं बायको नेल्यावर माझा नायक छाती पिटत रडतो, तिथं त्याची बोटं थांबली.

"भाऊ, हा माणूस खोटा वाटून राह्यला."

मी भडकलोच. "काऊन?"

"तो तवा रडत नाई. बायकोची टोपली सांडली रायते न. तो खाली बसते आन् मोहफुलं वेचते."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी वेचली होती. टोपली भरेपर्यंत."

त्यानं पुन्हा कीबोर्डवर बोटं ठेवली.

"रडणं ठेवू का खोडू, भाऊ?"