अण्णांचं रॉजर

अण्णा आकाशातूनही ओरडूनच बोलायचे. कबनूरला त्यांचे यंत्रमाग होते. सारं आयुष्य त्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी पलीकडच्या गल्लीतल्याला हाक मारावी तसा त्यांचा आवाज लागे. साठी उलटल्यावर हौसेनं विमान उडवायला शिकले आणि दोन आसनांचं एक पांढरं विमान घेऊन बसले. मी विमानतळाच्या टॉवरवर नियंत्रक. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला की आधी बटण फिरवून तो कमी करायचो, मग हसायचो.

उतरले की भडंगाची पिशवी घेऊन टॉवरखाली हजर. "खावा की साहेब! नुसतं आभाळाकडं बघून पोट भरतंय व्हय?" प्रवासी विमानाला ते 'पावणं' म्हणत. "पावण्यास्नी आधी उतरू द्या. आमी काय, घरचीच हाय." आणि खरंच बाजूला घिरट्या घालत थांबायचे. म्हणून माझा त्यांच्यावर फार भरवसा.

रेडिओवर सूचना मिळाली की वैमानिकानं ती शब्दन् शब्द परत म्हणायची असते. त्यानं काय ऐकलं, हे आम्हाला त्यावरूनच कळतं. अण्णा मात्र एवढंच म्हणत, "रॉजर, साहेब, रॉजर!" म्हणजे ऐकलं, समजलं. सुरुवातीला मी त्यांना परत म्हणा म्हणून सांगायचो. ते करवादायचे, "शाळंतल्या पोरागत पाढं म्हणायला लावताय की!" वडीलधारा माणूस, सगळ्यांच्या कानावर जाईल असं त्यांना किती टोकायचं, असं वाटून मी हळूहळू आग्रह सोडला. ती माझी माया नव्हती, कामचुकारपणा होता. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

एका दुपारी हैदराबादचं विमान उतरायला येत होतं, खच्चून भरलेलं. अण्णांना मी सांगितलं, दक्षिणेलाच थांबा, धावपट्टीकडे वळू नका. "रॉजर, साहेब, रॉजर!" मी निर्धास्त झालो. थोड्या वेळानं सहज काचेबाहेर पाहिलं, तर ते पांढरं विमान धावपट्टीकडे वळलेलं, मोठ्या विमानाच्या थेट वाटेत. मी अण्णांना पुन्हा बजावलं. उत्तर तेच. मग मोठ्या विमानाला उतरणं सोडून वर जायला सांगितलं. ते गर्जत वर चढलं. दोघांच्या मध्ये किती हवा उरली होती, हे बघायची माझी छाती झाली नाही.

अण्णा मजेत उतरले आणि नेहमीसारखे पिशवी घेऊन आले. त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. ते माझ्या ओठांकडे एकटक बघत होते, आणि ते तसे नेहमीच बघतात, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

"मागाच्या शेडात कुणालाच ऐकू येत न्हाय, साहेब," अण्णा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तोंडाकडं बघायचं आन् मान हलवायची. तीच सवय लागली. तितं वर तुमचं तोंड कुठं दिसतंय?" मग म्हणाले, "बायकापोरं हुती काय त्यात?"

"होती."

ते जिन्यावरच बसले. मी चाचरत म्हणालो, "अण्णा, मला हे वर कळवावं लागेल."

"कळीव की लेका! माझं बी कळीव, तुझं बी कळीव."

मी दोन्ही कळवलं. मला टॉवरवरून काढून पुन्हा शिकायला बसवलं, ते योग्यच झालं. अण्णांचे कान नीट तपासले गेले आणि त्यांचं उडणं थांबलं. विमान विकलं त्या दिवशी मी त्यांच्या घरी जायला धजलो नाही. तेच आले, भडंग घेऊन. म्हणाले, "तोंड पाडू नगंस. कुणी मेलं न्हाय, ह्यापरास काय पायजे?" कित्येक दिवसांनी मला त्या रात्री झोप लागली.

पुढे मी टॉवरवर परतलो. अण्णा कायमचे लेकीकडे हैदराबादला निघाले, ते त्याच प्रवासी विमानानं. निरोप घेताना माझ्या पाठीवर थाप मारून ओरडले, "आज ऐकायचं काम दुसऱ्याकडं हाय. लई हलकं वाटतंय बघ!"

उड्डाणाची परवानगी मीच दिली. तरण्या वैमानिकानं ती शब्दन् शब्द परत म्हटली, अगदी स्वच्छ. तरी मी त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावली. त्यानं न कुरकुरता म्हटली. मग मी अण्णांना जाऊ दिलं.