एका नारळाचं काय ओझं

मी केदारनाथला जाऊन आलो आहे. केदारनाथ मात्र मी पाहिलेला नाही.

माझी बायको ढोकीची. वर्षातले आठ महिने ऊन आणि उरलेले चार महिने उकाडा, अशा मुलखात वाढलेली. बर्फ तिनं एकदाच पाहिला होता, सोलापूरच्या बाजारात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. लग्नानंतर तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "डोंगरावरचा बर्फ बघायचाय. बिनभुशाचा." मी शब्द दिला. तो पाळेपर्यंत माझे केस पिकले.

मी उमरग्याला एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. हमाल करायचा नाही, आपलं ओझं आपल्याच पाठीवर घेऊन चढायचं, असं मी ठरवलं आणि (चूक इथंच झाली) ते दवाखान्यात बोललो. पाशाभाई टेलरनं ताडपत्रीच्या दोन पाठपिशव्या शिवून दिल्या. पट्टे ओढून दाखवत म्हणाला, "कंपौंडर साब, हाथी डालो इसमें. पट्टा नै टूटता."

हत्ती कुणी दिला नाही. नारळ दिले. देवाला निघालेल्या माणसाच्या हाती आपलाही नारळ द्यायचा, ही आमच्याकडची रीत. औषधाच्या खिडकीतून रिकाम्या बाटलीबरोबर नारळ आत येऊ लागले. शेजारच्या काकूंचा लेकीच्या सोयरिकीसाठी, कुणाचा गाभण म्हशीसाठी, एकाचा मूळव्याधीसाठी (त्याला औषध आम्हीच देत होतो, तरी). प्रत्येकाचं म्हणणं एकच, "एका नारळाचं काय ओझं, कंपौंडर?" नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

बायको तो ढीग बघून म्हणाली, "आपण देवाला चाललोय का बाजाराला?"

"अगं, लोकांचा विश्वास आहे."

"मग लोकांच्याच पाठीवर द्या की."

अखेर अंथरूण, पीठ आणि तवा तिच्या पाठीवर गेला आणि माझ्या पाठीवर गावाची श्रद्धा. केदारनाथच्या चढावर डावीकडं नदी होती, उजवीकडं कडा होता, असं बायको सांगत होती. मी इतका वाकलेलो की मला माझे अंगठेच दिसत. वळणावळणावर ती माझ्यासाठी थांबायची.

"दोन-तीन तरी टाका की खाली."

"कुणाचे टाकू?"

तिनं विचार केला. "मूळव्याधीचा टाका."

मला धीर होईना. तो बिचारा रोज दवाखान्यात येऊन उभाच राहायचा.

शेवटच्या मुक्कामी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. चट्टीवाला (वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीला तिकडं चट्टी म्हणतात) म्हणाला, "अभी निकलो. दोपहर के बाद मौसम का भरोसा नहीं." आम्ही निघालो. एका वळणावर बायको थबकली. तिचा आवाज मी ओळखलाच नाही. "अहो, वर बघा."

वर बघायला मी पाठ सरळ केली आणि पट्टा तुटला.

शाळा सुटल्यासारखे नारळ घळीत उतरले.

"राहू द्या," ती म्हणाली. "बर्फ तिथं समोर दिसायलाय."

"आणि काकूंच्या लेकीची सोयरीक? म्हैस?"

तिनं पदर खोचला. म्हणाली, "तुम्ही नारळ येचा. म्या बर्फ बघून येते." आणि नांदेडकडच्या म्हाताऱ्यांच्या घोळक्याबरोबर ती वर निघून गेली.

मी रांगत घळीत उतरलो. झुडपांत, दगडांखाली, चिखलात हात घालून नारळ काढले. सगळे मिळाले, मूळव्याधीचा सोडून. दुपारी गारा सुरू झाल्या. मी नारळ पोटाशी घेऊन एका खडकाआड बसलो आणि तेव्हा कुठं मला कळलं, की माझी बायको या गारांत वर आहे आणि मी इथं म्हशीच्या नारळाची राखण करतोय. त्या नारळाला मिठी मारून मी रडलो. बायकोला दिलेला शब्द वर होता, गावाला दिलेला खाली, आणि मी नेमका खालचा पाळला होता.

ती अंधार पडताना परतली. चिंब भिजलेली, पण इतकी खुललेली मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

"लई हाय हो बर्फ. भुसा कुठंच न्हाय."

तिला शाल द्यावी, पाय शेकावेत, हे मला सुचायला हवं होतं. मी विचारलं, "आणि नारळांचं?"

"सांगितलं देवाला. म्हणलं, नारळ आलेत, मालकासंगं खाली घळीत बसलेत." मग तिनं पदराची गाठ सोडली. "तुमच्या वाट्याचा आणलाय."

गाठीत काही नव्हतं. ओला पदर होता. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी सगळं ढगांनी झाकलेलं, वरच्या वाटेवर दरड कोसळली, रजाही संपत आली होती. आम्ही परतलो. नारळ ज्याचे त्याला पोचले. काकूंच्या लेकीची सोयरीक जमली, म्हैस सुखरूप व्याली, आणि सगळ्यांच्या आधी बरा झाला तो मूळव्याधवाला. पाशाभाईला तुटलेला पट्टा दाखवला तर म्हणाला, "हाथी को बोला था मैं. तुम पूरा गाँव डाले."

अजूनही दवाखान्यात कुणीतरी विचारतं, "कंपौंडर, तुम्ही हिमालयात गेलता म्हणं. बर्फ कसा असतो हो?" डबा घेऊन आलेली बायको अशा वेळी दारातच थांबते, ऐकायला. मी खोटं बोलत नाही.

"ओला असतो," मी सांगतो. "आणि त्याला फोडणीचा वास येतो."