सुर्वेकाकांच्या भाजीतलं मीठ

सुर्वेकाका वर्षातून एकच दिवस स्वयंपाक करत आणि त्याचा गाजावाजा मात्र महिनाभर आधी सुरू होई. भोगीच्या सकाळी बडोद्याची थंडी कानांना झोंबत असताना तरसालीतल्या आमच्या सोसायटीच्या अंगणात विटांची चूल मांडली जाई आणि तिच्यावर पितळी पातेलं चढे. वांगी, गाजरं, पापडी, ओला हरभरा, बोरं, उसाचे करवे, वर तीळ-शेंगदाण्यांचं भरपूर कूट. मफलर गुंडाळलेले काका हातात पळी घेऊन या सगळ्याच्या मध्ये उभे.

त्यांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. काका स्वतः वाघोडियाच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, घोड्यावर लग्नातसुद्धा न बसलेले. पण चुलीपुढे हुकूम घोडदळाचेच सुटत. "वांगी पुढे! पापडी मागून येईल!"

भाजीचा आधी देवाला नैवेद्य, त्यामुळे ती चाखायची नाही, हा घरचा रिवाज. काकांना त्याचा कोण अभिमान! "चाखून भाजी करणं म्हणजे पेपर फोडून परीक्षेला बसणं," असं ते म्हणत. मग मीठ कसं कळतं? "मिठालाही वास असतो. नाक तयार पाहिजे ने!" असं म्हणून ते डोळे मिटून पातेल्यावर वाकत आणि चष्म्यावर वाफ धरली की समाधानाने मान हलवत.

शेजारच्या भानुबेन दरवर्षी न चुकता म्हणत, "सुर्वेभाई, जराक गोळ नाखो ने!"

"गूळ उद्या तुमच्या उंधियूत नाखा. ही भोगीची भाजी आहे, मिठाई नाही."

आणि भानुबेन दोन वाट्या जास्तच भाजी घेऊन जात.

खरी गोष्ट अशी की काकांच्या हातून मीठ नेहमी कमी पडे. नैवेद्याआधी ते पुन्हा अंघोळीला गेले की काकू गुपचूप बाहेर येत आणि नुसत्या अंदाजाने एक मूठ मीठ भाजीत टाकून जात. हे गुपित त्यांनी फक्त एकीला सांगितलं होतं. म्हणजे एकदा सुनेला, एकदा भानुबेनना, एकदा माझ्या बायकोला, आणि प्रत्येकीला बजावलं होतं, "ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका हं!"

काकू गेल्या. त्या वर्षी त्यांच्याकडे कुठलाच सण झाला नाही. वर्षश्राद्ध उरकलं आणि पुढे भोगी आली. आदल्या दिवशी काका मला म्हणाले, "उद्या भाजी बिघडली तर पुन्हा चूल मांडायची नाही, पातेलं मोडीत. तिला फार आवडायची रे. माहेरच्यापेक्षा सरस म्हणायची."

सकाळी मी गॅलरीतून बघत होतो. काका अंघोळीला गेले. सून बाहेर आली, इकडेतिकडे बघून पातेल्यावर वाकली आणि घरात पळाली. थोड्या वेळाने भानुबेन आल्या. मग आमची ही. जाळ बघत असतील, असं मला वाटलं.

नैवेद्य झाला, बाजरीच्या भाकऱ्या आल्या, पानं मांडली गेली. काकांनी पहिला घास घेतला आणि मफलर सोडला. आम्हीही घेतला. जिभेवर मीठच मीठ! सगळ्यांचे हात पाण्याच्या तांब्याकडे गेले.

सून रडवेली झाली. "बाबा, आई नेहमी वरून मीठ घालायच्या. म्हणून आज मी..."

"तू पण?" माझी बायको ओरडली.

"हाय हाय, में पण नाख्युं!" भानुबेननी कपाळाला हात लावला.

काकांनी तिघींकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं माझं नाक..." ते मध्येच थांबले. आता उठून जातात की काय, अशी मला धास्ती वाटली. पण काका हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले, मग मफलरने डोळे पुसत राहिले, आणि ते पुसणं काही संपेना. सुनेने ताट उचलायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि भाकरी मोडून ती खारट भाजी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

मग पाणी पिऊन म्हणाले, "तिघींनी तीन मुठी घातल्या, तरी तिच्या एका मुठीची चव नाही आली."