सगळ्यांत खाली ठेवलेली फाईल

विमा कंपनीत तिला सगळे जोखीमबाई म्हणत. कोणत्या गोदामाचा, कारखान्याचा विमा स्वीकारायचा आणि कोणाला हात जोडायचे, हे ठरवणं तिचं काम. आग कुठून लागेल, छत कुठे गळेल, तिला नुसत्या नजरेनं कळायचं. लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलं की म्हणायची, "जोखीम पारखली, दुसरं काय!" लोक पोट धरून हसायचे आणि आपापल्या घरी जायचे. तिच्या घरी मात्र कुलूप असायचं.

वर्षातून एकदा शीतगृहवाले दादा यायचे. विम्याच्या नूतनीकरणाला दहा मिनिटं, गप्पांना दोन तास. वीस वर्षांत त्यांनी एकदाही भरपाई मागितली नव्हती. तिला ताई म्हणणारे आता तेवढेच उरले होते. त्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसायची.

मग एका वर्षी लागोपाठ वादळं झाली. भरपाई देता देता कंपनीचं कंबरडं मोडलं आणि जे भांडवल पुरवायचे त्यांनी हात आखडता घेतला. पाठीशी पैसा नसला की विमा कंपनीनं उगाच छाती पुढे काढून चालत नाही. वरून हुकूम आला, यंदा निम्मीच जोखीम घ्या. दारात ही गर्दी! जोखीमबाईनं परक्यांचं आधी उरकलं, कारण परके थांबत नाहीत, तमाशा करतात. दादांची फाईल तिनं सगळ्यांत खाली ठेवली. दादा काय, घरचेच.

त्यांची पाळी आली तेव्हा मर्यादा संपली होती. साहेबांच्या हातापाया पडूनही उपयोग झाला नाही.

"माझं काही चुकलं का, ताई?"

"नाही हो. कंपनीकडे आणखी जोखीम घ्यायला जागाच नाही."

"विम्याशिवाय माझ्याकडे माल कोण ठेवील?"

तिनं त्यांची फाईल मिटली.

पुढच्या वर्षी विम्याचे चढे दर पाहून तेच भांडवल धावत परत आलं. मर्यादा दुप्पट झाली. तिनं पहिला फोन दादांना लावला.

"दादा, यंदा हवी तेवढी जागा आहे!"

"शीतगृह विकलं मी, ताई. व्यापाऱ्यांनी महिनाभरात माल हलवला. तेव्हा खरंच जागा नव्हती ना?"

"नव्हती," ती म्हणाली.

"मी घरात तेच सांगतो. पोरं तुम्हाला नावं ठेवतात. म्हटलं, असती तर ताईंनी माझं सगळ्यांत आधी केलं असतं."