लाकडं दिलेलं गाव

माझा धाकटा भाऊ जिथं वारला ते गाव बघायला आईला घेऊन गेलो, तेव्हा त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मला जायचं नव्हतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी आईच म्हणाली, "ह्या सुट्टीत तरी ने. गुडघे अजून चालतेत तवर." मग केजहून निघालो. बस, रेल्वे, पुन्हा बस आणि शेवटी एक जीप, असे पाच दिवस.

भाऊ पोकलेन चालवायचा. लग्न केलं नव्हतं. एका ठेकेदाराबरोबर हिमाचलात गेला, सीमेकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर. हिवाळ्यात बर्फ पडलं की काम थांबतं आणि माणसं खाली उतरतात. मशीन राखायला दोघं-तिघं वर राहतात. त्या वर्षी तो राहिला. जानेवारीत त्याला धाप लागली आणि दोन दिवसांत गेला. रस्ता बंद होता. डॉक्टर वर येऊ शकला नाही आणि ह्याला खाली आणता आलं नाही. आम्हाला कळवलं तेव्हा एवढंच कळवलं.

शेवटच्या नाक्यावर जवानानं आमची आधार कार्डं बघून वहीत नावं लिहिली आणि विचारलं, "घूमने आए हो?" मी हो म्हणालो.

गाव म्हणजे बारा घरं. सगळी मातीची, सपाट धाब्याची. खाली एक नदी, आणि पलीकडच्या डोंगराकडं बोट दाखवून जीपवाला म्हणाला, त्याच्या मागं दुसरा देश. मला तो डोंगर आणि अलीकडचा डोंगर सारखाच दिसला. चार पावलं चाललं की दम लागत होता. आईला माझ्यापेक्षा कमी लागत होता.

भाऊ जिच्या घरात भाड्यानं राहायचा ती बाई साठीची असेल. तोंडावर उन्हानं काळे डाग पडलेले, हिंदी तुटकी. तिनं आईकडं एकदा बघितलं, आणि आम्ही कोण हे मी सांगायच्या आधीच आईचा हात धरून आत नेलं. चुलीजवळ बसवलं. मीठ घातलेला चहा दिला. आईनं तो पूर्ण प्यायला, मला संपवता आला नाही.

चहा झाल्यावर ती बाई आपण होऊन बोलायला लागली. आई माझ्याकडं बघत होती, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. तो चांगला होता. माझं छत त्यानं नीट करून दिलं. मटार त्याला फार आवडायचे. इथपर्यंत सोपं होतं.

मग ती म्हणाली, "नौ दिन रखा. फोन भी बंद था. रास्ता खुलेगा, घर भेजेंगे, सोचा. फिर फोन लगा, बड़े भाई से पूछा. भाई बोला, वहीं कर दो."

तो फोन मला शाळेच्या व्हरांड्यात आला होता. पोरं परिपाठाला उभी होती. मी ऐकलं, 'करून टाका' म्हणालो आणि पोरांच्या रांगेपुढं जाऊन उभा राहिलो. घरी येऊन आईला सांगितलं, की तिथल्या लोकांनी आपल्याला कळवायच्या आधीच उरकलं. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. रस्ता उघडेपर्यंत थांबा म्हणाली असती, आणि मग रोज तेच. मला ते नको होतं.

"काय म्हणती?" आईनं विचारलं.

"म्हणती, लई थंडी होती. म्हणून त्यांनीच केलं सगळं," मी म्हणालो.

आईनं कप खाली ठेवला आणि त्या बाईकडं वळून थेट विचारलं, "कहाँ रखा था मेरे बच्चे को?"

मला आठवलं की आम्ही लहान असल्यापासून आई केजच्या आठवडी बाजारात भाजी विकायची. एका बाजूला बांगड्यावाली, दुसऱ्या बाजूला मसालेवाली, दोघी मुसलमान. वीस वर्षं त्या तिघी दिवसभर हिंदीतच बोलायच्या. मी तिच्यासाठी भाषांतर करत होतो.

बाईनं आम्हाला मागची खोली दाखवली. जनावरांचा चारा ठेवायची अंधारी खोली. इथं ठेवलं, म्हणाली. दिवा विझू दिला नाही. प्रत्येक घरातलं एक माणूस पाळीनं बसायचं. आईनं विचारलं, अंगावर काय घातलं होतं? बाई म्हणाली, माझी गोधडी. आईनं भिंतीला हात लावला. मग गुडघे टेकून बसली आणि त्रिशरण म्हणाली, आमच्या घरी म्हणतो तसं, अगदी हळू. बाईला शब्द कळले नसावेत, पण हात जोडून तीही शेजारी बसली आणि तिच्या भाषेतलं काहीतरी पुटपुटत राहिली. मी दारात उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला एक म्हातारा आम्हाला नदीकडच्या, त्याला अग्नी दिला त्या जागेवर घेऊन गेला. तिथं काही नव्हतं. दगड आणि वाळू. बर्फ वितळून पाणी वाढलं की नदी तिथपर्यंत येते, म्हणाला.

आई सगळीकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "यहाँ तो एक झाड नहीं. लकड़ी कहाँ से लाए?"

म्हाताऱ्यानं गावाकडं हात केला. प्रत्येक धाब्याच्या कडेला लाकडं आणि काटक्या रचलेल्या होत्या. उन्हाळाभर लांबून आणून साठवायच्या आणि सहा महिने त्यावर काढायचे. "सबने छत से दिया," तो म्हणाला. मग, ती तक्रार वाटू नये म्हणून, म्हणाला, "उस साल ठंड भी कम थी."

परत येताना आई चढावर एका दगडावर टेकली. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "आपल्या गावात तुझ्या बापाला मसनात न्यायचं हुतं तवा वाट अडवली हुती. वरच्या आळीच्यांनी. ध्यानात हाय का?"

"हाय."

"हितं कुणी इचारलं बी न्हाई, कोणाचा हाय म्हणून."

मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू हो म्हणलास ते बराबरच हाय. नऊ दिवस लई झाले. त्या लोकांनी किती बसावं? पण मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तू नको म्हणली असतीस."

"म्हणले असते," ती म्हणाली. "मग तू समजावलं असतंस. मी रडले असते. आन् संध्याकाळपर्यंत हो म्हणले असते. तेवढं माझं हुतं, ते तू घेतलंस."

मला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. मी बाटलीचं झाकण लावलं. "चुकलं माझं," म्हणालो, आणि ते आवाजात जसं यायला हवं तसं आलं नाही, हे मलाच ऐकू आलं. आई उठली आणि चालायला लागली.

अजून दोन दिवस राहिलो. आई त्या बाईबरोबर मटाराच्या शेतात खुरपायला जायची. दोघी फार बोलत नसत. निघताना बाईनं भावाची पिशवी दिली. स्वेटर, चार्जर, दाढीचं सामान. आईनं स्वेटर काढून त्या बाईलाच दिला आणि बाकीची पिशवी माझ्याकडं.

घरी आल्यावर शेजारणी बसायला आल्या. आई प्रत्येकीला सगळं सांगायची, खोली, गोधडी, धाब्यावरची लाकडं. फोनचं मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही. माझ्याशीही पुन्हा नाही. आमचं बोलणं नीट आहे. गोळ्या घेतल्या का, पाणी आलं का.

शाळा उघडल्यावर एका सहशिक्षकानं विचारलं, "हिमाचलला गेलतात म्हणे. कसं होतं?"

"थंड होतं," मी म्हणालो. त्यानं फोटो मागितले. मी मोबाईल दिला, आणि तो एकेक डोंगर मोठा करून बघत राहिला.